नाना राणी झाले तेव्हा

आमच्या घरात ‘कंपनी’ हा शब्द आवाज खाली करून बोलला जाई. लहानपणी मला वाटायचं, कंपनी हा एखादा आजार असावा आणि तो नानांना लग्नाआधी होऊन गेला असावा. पुढे कळलं की नाना, म्हणजे माझे वडील, पोरवयात देशाकडच्या एका नाटक कंपनीत बायकांची कामं करत. ती कंपनी गावोगाव फिरत काशीपर्यंत आली आणि इथेच मोडली. बाकीची मंडळी मिळेल त्या गाडीने परत गेली, नाना राहिले. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, त्यांचा आवाज ऐकला होता. आजोबांची दशाश्वमेध घाटावर संकल्प सांगायला बसायची लाकडी चौकी होती, डोक्यावर वेताची मोठी छत्री होती, देशाकडून आणि गुजरातेतून येणारे यजमान होते; मुलगा मात्र नव्हता. एकुलती एक मुलगी होती. ब्राह्मणाचा पोर, गळा गोड, मागेपुढे कुणी नाही, असं बघून आजोबांनी त्याला संकल्प शिकवला आणि मुलगी दिली. आई कधी खुशीत असली तर सांगायची, “आधी संकल्प पाठ झाला, मग मी मिळाले.” घर आईच्या बापाचं, चौकी आईच्या बापाची, पण आजोबा गेल्यावर त्यातलं काहीच आईचं आहे असं कुणाला वाटलं नाही. आईलाही वाटत असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

राजा घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. पहाटे खालच्या पाठशाळेतल्या मुलांची संथा सुरू व्हायची, त्यात नाववाल्या मल्लाहांच्या हाका मिसळायच्या, आणि समोरच्या हलवायाची कढई तापली की कचौडीचा वास आमच्या देवघरापर्यंत यायचा. नाना बाहेरचं खात नसत, पण वास आला की म्हणायचे, “आज हिंग बरा पडलाय.” आमच्याकडे वरणभात, लिंबाचं लोणचं, कधी दशमी, सणाला पुरण. थंडीत मात्र आई खालच्या बायकांकडून शिकलेला मटारचा चुडा, म्हणजे पोहे, करायची आणि त्याला चुडाच म्हणायची. आमची मराठी अशीच होती. “हडबड करू नकोस, लोटा सांडेल,” हे आईचं वाक्य देशाकडच्या पाहुण्यांना हसवून जायचं. मला त्या हसण्याची लाज वाटायची. त्या काळात मला कशाची लाज वाटत नव्हती, हेच सांगणं सोपं होईल.

मी मुलींच्या कॉलेजात जात होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. नानांनी मला पाठवलं ते बहुधा जमनाभाईंमुळे. जमनाभाई हे किनखापाचे गुजराती व्यापारी. त्यांच्याकडची सगळी धर्मकृत्यं नानांकडे होती. त्यांची मुलगी हंसा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा तिला सोबत म्हणून मीही जाऊ लागले. हंसा चपला घालून फटफट चालायची, मास्तरीणबाईंना प्रश्न विचारायची. मी वर्गात कोपरा धरून बसायची आणि सगळं उतरवून घ्यायची. माझ्यामागे कुणीतरी उभं आहे आणि ते मला कुठल्याही क्षणी ‘पुरे, चल’ म्हणणार आहे, असं मला सारखं वाटे.

त्या पावसाळ्यात ते ‘पुरे’ आलंच. गंगेपलीकडे रामनगरला एक मराठी कुटुंब होतं, मुलगा संस्थानात कारकून होता. नानांनी पलीकडे जाऊन बोलणं केलं. रात्री जेवताना सांगितलं, “मार्गशीर्षात लग्न. कॉलेज दिवाळीपर्यंत. ठरलं.” नाना कधी ओरडत नसत. ‘ठरलं’ म्हणत आणि पाण्याचा लोटा उचलत, की विषय संपला. मी आईकडे पाहिलं. आई तळव्याने पानाजवळची जमीन पुसत होती. मी मनात म्हटलं, हिला काय, हिला दोन अक्षरं वाचता येत नाहीत, हिला काय कळणार माझं काय जातंय.

याच सुमारास जमनाभाई एका संध्याकाळी आमचा जिना चढून वर आले. गुजराती मंडळाचं नाटक दसऱ्यानंतर व्हायचं होतं आणि राणीचं काम करणाऱ्या मुलाला देवी आल्या होत्या. जमनाभाई दारातच म्हणाले, “महाराज, आबरू जाय छे. तुम्हीच आहात आता.” जमनाभाईंची मराठी अशी अर्ध्यावर गुजरातीत घसरत असे. नाना हसले, म्हणाले, “अहो, माझं वय काय! पोरीचं लग्न ठरलंय माझ्या.” जमनाभाई म्हणाले, “राणीला पण वय असतं.” नानांनी नाही म्हटलं. मग पाणी दिलं. मग गोष्ट काय आहे, एवढं तर सांगा, असं विचारलं. तेव्हाच मला कळलं की नाना जाणार.

गोष्ट अशी होती. एक राजा लढाईवर जातो आणि जाताना राज्याची मोहर राणीच्या हातात देतो, सांभाळून ठेव म्हणून. राणी ती नुसती सांभाळत नाही, चालवते. ती पडद्याबाहेर येऊन न्याय करते, धान्याची कोठारं उघडते, रयतेच्या बायकांना दरबारात बोलायला लावते. राजा परत येतो आणि मोहर मागतो. दरबारी म्हणतात, आता राणीसाहेबांनी आत जावं. शेवटच्या अंकात राणी मोहर परत देते आणि म्हणते, “महोर पाछी लो. पण जे में जोयुं, ते केम पाछुं आपुं?” मोहर परत घ्या, पण मी जे पाहिलं ते परत कसं देऊ? आणि ती पडद्यामागे न जाता राजवाड्याच्या दरवाजातून चालती होते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, नाटकाची संहिता पोलिसांना दाखवावी लागे. त्यात ‘स्वतंत्रता’ हा शब्द पानोपानी होता, म्हणून मंडळाची माणसं घाबरली होती. जमनाभाई सांगत, ठाणेदाराने वाचून घेतलं आणि जांभई देत म्हणाला, “औरतों की बात है, जाने दो.” ही हकीकत ते फार खुशीत सांगायचे. मीही तेव्हा हसले होते.

डोक्यावर रेघ नसलेली ती गुजराती लिपी मला हंसामुळे वाचता येत होती. त्यामुळे नानांची पाठांतरं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी राजाची, प्रधानाची वाक्यं वाचायची, नाना राणीची म्हणायचे. ते नुसतं म्हणत, अभिनय करत नसत. भिंतीला टेकून, डोळे मिटून, संध्या करावी तसे. आई चुलीपाशी असायची. ती ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. एकदा तिने एवढंच विचारलं, “ती राणी मग जाते कुठे?” नाना म्हणाले, “नाटक संपतं तिथे.” आई म्हणाली, “हां,” आणि वरणाला फोडणी दिली.

बातमी घाटावर पोचायला वेळ लागला नाही. मी कॉलेजला निघाले की पायऱ्यांवरची मुलं हात जोडून म्हणायची, “राजकुमारीजी, परनाम! रानीजी कइसन हईं?” मी खाली मान घालून चालायची. नानांच्या कपाळावर गंध असे, पण कानामागे तालमीतल्या पावडरीचा वास राहिलेला असे, आणि त्याच अंगाने ते यजमानांना संकल्प सांगत. मला ते दोन वास एकत्र सहन होत नसत. रामनगरच्या लोकांना कळलं तर लग्न मोडेल, अशी एक आशाही मनात होती. बापाची बदनामी होऊन आपली सुटका व्हावी असं वाटणं, याचीही मला लाज वाटे. एकात एक अशा किती लाजा त्या वयात मावतात, याचं आता या वयात नवल वाटतं.

नाटक एका हवेलीच्या चौकात होतं. वरच्या सज्जात बायकांची जागा, पुढे बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा. आई यायला तयार नव्हती, पण हंसाच्या आईने माणूस पाठवला, तेव्हा आली. मी, आई, हंसा आणि हंसाची आजी, अशा चौघी चिकाला नाक लावून बसलो. खाली गॅसच्या बत्त्या फुसफुसत होत्या. पडदा उघडला आणि राणी आली तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. शेंडी टोपाखाली दडवलेला, दंडावर वाक्या घातलेला, जरीची साडी गुजराती तऱ्हेने नेसलेला माझा बाप! हंसाने मला चिमटा काढला, “देख तो, कितनी सुंदर!” मी पाहिलं. सुंदर दिसत होते, हे खरं होतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. पहिल्या अंकात ते कंपनीतलंच काहीतरी करत होते. मान वेळावणं, पदर बोटाला गुंडाळणं, लोकांनी टाळ्या द्याव्यात असं. लोक देत होते. मी वाट बघत होते की हे संपावं.

तिसऱ्या अंकात राजा परत आला. राजाने सिंहासनावरून म्हटलं, “मोहर.” राणी उभी होती ती खाली बसली. तिचा उजवा हात जमिनीवर गेला आणि तळव्याने ती जमीन पुसू लागली, हळूहळू, आपल्याकडे ओढत. सांडलेले तांदळाचे दाणे गोळा करावेत तशी. तिथे दाणे नव्हते. मग तिने एक न दिसणारा दाणा चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि परत खाली ठेवला. हंसाची आजी माझ्या कानाशी म्हणाली, “अरे, आ तो साव आपणा जेवी छे!” ही तर अगदी आपल्यासारखी आहे! आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

तो हात मला माहीत होता. नाना ‘ठरलं’ म्हणत आणि लोटा उचलत, तेव्हा आई असाच हात फिरवी. मी तो जन्मापासून पाहत होते आणि तो कधी पाहिला नव्हता. आई जेवणानंतरची जमीन साफ करते आहे, इतकंच मला वाटत आलं होतं. मी वळून आईकडे पाहिलं. तिचा हात आमच्या खालच्या चटईवर पालथा पडलेला होता, तळवा चटईला टेकलेला. तिने तो उचलला आणि पदराखाली घेतला. दुसराही घेतला. चिकातून येणाऱ्या उजेडाच्या रेघा तिच्या तोंडावर पडल्या होत्या आणि ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. कुणीतरी चारचौघांत तिच्या अंगावरचं वस्त्र ओढलं असावं आणि तिला ओरडताही येऊ नये, तशी ती बसली होती. खाली राणीने शेवटचं वाक्य म्हटलं. सज्जा हुंदक्यांनी भरला. “वाह महाराज! वाह!” लोक ओरडत होते. घरी येताना आई माझ्यापुढे चालली, एकदाही मागे न बघता.

सकाळी नाना फार आनंदात होते. डोळ्यांच्या कडांना काजळ राहिलं होतं. दुधाचा पेला संपवून ते म्हणाले, “गुरुवारी रामनगरची मंडळी याद्या करायला येतील. शिरा कर. आणि यमू, तू आता कॉलेजात नाव काढून टाकायला सांगून ये.”

आई चुलीसमोर बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती म्हणाली, “अहो, एक विचारू?”

“विचार की.”

“काल तो हात फिरवलात, ते कुठं शिकलात?”

“कुठं म्हणजे? कंपनीत.”

“नाही. तो माझा होता.”

नाना हसले. “मग? तुझाच असेल. अगं, लोकांनी डोळे पुसले. तुला तर खुशी व्हायला पाहिजे.”

“म्हणजे नुसता बघितलात आणि फिरवलात?”

आता नानांना ते लागलं. आईने विचारलेलं नव्हे, कुणीतरी त्यांच्या कलेवर शंका घेतली ते. ते ताठ झाले. “नुसता हात फिरवून काय होतं? हात कुणीही फिरवील. तिच्या आत काय चाललंय ते ठाऊक असावं लागतं, तेव्हा तो हात खरा दिसतो. हे तुला नाही कळणार.”

आई म्हणाली, “यमूचं रामनगरला ठरलं म्हणालात, त्या रात्री मी हात फिरवला होता. तुम्ही बघत होतात. तेव्हा आत काय चाललं होतं?”

नानांनी लोट्याकडे हात नेला. आईने लोटा उचलून आपल्या मागे ठेवला. माझ्या आयुष्यात मी आईला अशी गोष्ट करताना पहिल्यांदा पाहिलं.

“सांगा ना. येतं ना तुम्हाला?”

खाली हलवायाकडे कुणीतरी भाव करत होतं. नाना भिंतीकडे बघू लागले. आणि मग ते बोलले, पण राणीच्या आवाजात नव्हे, आणि त्यांच्या स्वतःच्याही नव्हे. थोडं नाकातून, शेवटचा शब्द गिळत, अगदी आईसारखं. “पोरीला शिकू दे. माझं राहिलं, राहिलं. तिचं कशाला मोडतोस? घर माझ्या बापाचं आहे, मला एकदा तरी विचार.”

‘मोडतोस’. एकेरीत. आई मनात नानांना अरे-तुरे करते, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं! मी इतके दिवस लाजत होते ती साडीला, पावडरीला, पायऱ्यांवरच्या पोरांना. त्या सकाळी मला वडिलांची पहिल्यांदा खरी लाज वाटली. त्यांना कळत नाही असं मी धरून चालले होते. न कळणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. पण त्यांना सगळं कळत होतं. पहिल्यापासून, दाण्यादाण्यासकट. आणि मी? मी त्याच घरात त्याच ताटावर बसून म्हटलं होतं, हिला काय कळणार. नानांनी निदान पाहिलं तरी होतं.

नानांनी तोंड धुतलं, काजळ जाईपर्यंत धुतलं, आणि उपरणं घेऊन बाहेर पडले. दुपार कलली तेव्हा परत आले. पायाला पलीकडची वाळू होती. आईने पान वाढलं. जेवता जेवता ते म्हणाले, “रामनगरला सांगून आलो. नको म्हणून.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. “काय सांगितलंत?”

“सांगितलं, मुलीच्या आईची इच्छा नाही.”

आईने वाटी खाली ठेवली ती आपटलीच. “म्हणजे माझ्या नावावर ढकललंत?”

“मग? खोटं सांगितलं का?” नाना मान खाली घालून म्हणाले. त्यांनी खरोखरच खोटं सांगितलं नव्हतं. पण स्वतःकडे काही घेतलंही नव्हतं. मुक्त करतानाही माणूस किती जपून करतो, हे मी पुढे संसारात, नोकरीत, सभांमधून पुष्कळ पाहिलं. त्याचा पहिला धडा मला त्या ताटापाशी मिळाला. मी कॉलेजला जाणार होते, नाना कलावंत ठरले होते, आणि सगळा दोष आईच्या ओटीत आला होता.

कार्तिकस्नान सुरू झालं तेव्हा तो दोष तिला लोकांनी मोजून दिला. पहाटे अंधुक उजेडात आमच्या मराठी बायका घाटावर जमत, आणि आई पायरीवर आली की बोलणं एकदम थांबून पुन्हा सुरू होई. मी आईच्या मागे, घट्ट पदर घेऊन. मला वाटायचं, सरळ पाण्यात जावं आणि वर येऊच नये. एके दिवशी पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांच्या बायकोने, सगळ्या त्यांना काकू म्हणत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठ्यानं विचारलं, “काय गं, तुमच्याकडे हल्ली लुगडं दोघंही नेसतात म्हणे. मग धोतर कोण नेसतं? तू?” बायका हसल्या. एक तरणी सून हसता हसता पाण्यात घसरली, तिचं वेगळं हसणं झालं. काकूंचं अजून संपलं नव्हतं. “चांगलं चालून आलेलं स्थळ. यांच्या भटजींना ते पसंत होतं हो, बायकोनं नको म्हटलं म्हणे! खरं का गं?”

आईने केस पिळले. मला वाटलं, ती म्हणेल, यांनीच परस्पर सांगितलं, मी तोंडही उघडलं नव्हतं. तसं म्हणायचा तिला हक्क होता, कारण ‘नको’ हा शब्द तिच्या तोंडून कधी आलाच नव्हता. तो नानांनी म्हटला होता, तिच्या आवाजात. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“हो काकू,” आई म्हणाली. “मीच नको म्हणाले.”

मग ती माझ्याकडे वळली आणि घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “यमू, आटप लवकर. तुला कॉलेजला देर होते आहे.”

अजून सूर्य उगवायचा होता.